ग्रहावर राहिलेली बाई

विज्ञानकथेचा पिक्चर लागला की मी भूमहून बार्शीला जाते आणि दर वेळी तोंड कडू करून परत येते. तरी पुढच्या वेळी पुन्हा जाते. खोड आहे, दुसरं काय!

शाळेत असल्यापासून मला ग्रहताऱ्यांचं, यंत्रमाणसांचं वेड. ते मोडून काढायचा विडा पिक्चरवाल्यांनी उचललाय. त्यांच्या अंतराळात यान फुटलं की दिवाळीतल्यासारखा आवाज होतो. तिथं हवाच नाही तर आवाज कशातून आला, हे विचारायचं नाही. त्यांचा शास्त्रज्ञ म्हणजे नुसते विस्कटलेले केस. त्याला बायको नाही, पगार नाही, रजा नाही. समोर रंगीत पाण्याच्या बाटल्या बुडबुडत असतात, तेच त्याचं संशोधन. आणि टीव्हीवाले तर त्यांचेही बाप. शंभर वर्षांनंतरचा काळ दाखवणारी मालिका येणार म्हणून मी घरात आठवडाभर आधी बजावून ठेवलं होतं, त्या वेळी रिमोटला कुणी हात लावायचा नाही. बघते तर गाड्या आकाशात उडतायत आणि चहाचा ट्रे अजून सूनच आणतेय, डोक्यावर पदर घेऊन. मी चिडून उठले आणि आत जाऊन चहाच टाकला.

नवऱ्याला हे सगळं पोरकट वाटतं. एकदा बार्शीला सोबत आला. मध्यंतरापर्यंत घोरला, समोसा खाल्ला आणि पुन्हा घोरला. कचेरीतल्या बायकांना विषय काढला तरी जांभया येतात. आवडीची गोष्ट कुणाशीच बोलता येऊ नये, याचा मला फार त्रास व्हायचा. एकटं वाटायचं, अगदी भरल्या घरात.

सासूबाई मुळातच कमी बोलणाऱ्या. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमचं बोलणं म्हशीचं दूध आणि भाकरीचं पीठ याच्या पुढं सरकलं नव्हतं. एका रविवारी पिक्चर बघून आले आणि त्यांच्याजवळ शेंगा फोडायला बसले, तर त्यांनी आपणहून विचारलं, "काय हुतं गं पिच्चरमधी?"

काय सांगणार, कप्पाळ? एका दूरच्या ग्रहावर यान उतरतं. निघायच्या वेळी दार बिघडतं, ते बाहेरून लावावं लागतं. म्हणजे एवढं अब्जावधींचं यान बांधलं आणि कडी बाहेरून, गोठ्याला असते तशी! यानातली एकुलती एक बाई, चांगली शिकलेली इंजिनीअर, बाहेर थांबून दार लावते आणि मरते. तेही मध्यंतराच्या आधी. उरलेला वेळ नायक तिचा फोटो छातीशी धरून माणसं मारत सुटतो.

हे असलं सांगायला माझी जीभ रेटेना. मी ती बाई मारलीच नाही. ती ग्रहावर मागं राहिली, दगडातून हवा काढायला शिकली, मोडक्या सामानातून तिनं रेडिओ जोडला. याला कुणी खोटं म्हणो, मी दुरुस्ती म्हणते.

"घरी कोण कोण हाय तिच्या?" सासूबाईंनी विचारलं.

पिक्चरमध्ये तिला घरच नव्हतं. "सासू आहे," मी ठोकून दिलं.

"मंग तिला सांगितलं का कुणी, सून तिकडंच ऱ्हायली म्हणून?"

"सांगितलं, आत्या. पण तिला पटत नाही."

"न्हायच पटायचं," असं म्हणून त्यांनी पुढची शेंग घेतली.

शेंगा संपल्या, तुरी आल्या, गोष्ट चालूच राहिली. मी कचेरीतून आले की त्या सूप घेऊन बसलेल्याच असायच्या. कोट्यवधी रुपये उधळून त्या दिग्दर्शकाला जे जमलं नाही, ते मला ओसरीवर फुकटात जमत होतं. आणि मला घरात एक माणूस मिळालं होतं.

मग परवा नवऱ्यानं टीव्हीसमोरून हाक मारली, "आई, ये लवकर. तुझ्या सुनेच्या त्या बाईचा पिच्चर लागलाय, हिंदीत!"

आता सगळं उघडं पडणार आणि आम्ही पुन्हा दूध-पिठावर येणार. "राहू द्या आत्या, भिकार आहे," मी म्हणाले. पण त्या पुढं येऊन बसल्यासुद्धा.

बाईनं दार लावलं. वाद्यं रडली. बाई पडली. जाहिराती लागल्या, संपल्या. नायकानं फोटो बाहेर काढला, तेव्हा त्यांनी विचारलं, "मेली व्हय?"

"हो. पुढचं सगळं मी रचलं होतं, आत्या."

नवरा मोठ्यानं हसला. सासूबाईंनी त्याच्याकडं बघितलंही नाही.

"तिची वाट बघणारं एक बी माणूस दावलं न्हाय," त्या म्हणाल्या. "मंग मारायला काय जातंय ह्यांचं? बंद कर त्ये."

मी टीव्ही बंद केला. सासूबाईंनी कोपऱ्यातलं सूप पुढं ओढलं.

"म्या असते त्या यानात," त्या म्हणाल्या, "तर हलूच दिलं नसतं त्येला, तुला सोडून."