चोरओटीपर्यंत

मेघालीचं पहिलं पोट तिसऱ्या महिन्यात पडलं, तेव्हा पालघरजवळच्या माहीममधल्या त्यांच्या आळीत बातमी आधीच फुटली होती. कोणाची तरी नजर लागली, असा सासूबाईंचा, उषाबाईंचा निकाल. म्हणून या खेपेला पाचव्यात चोरओटी भरेपर्यंत कोणाला सांगायचं नाही असं ठरलं. सरकारी दवाखान्यासाठी गरोदर बायकांची नोंद करणारी आशाताई दोन घरं सोडून राहायची. तिच्याकडे नाव घातलं की गावभर होणार, म्हणून नावच घातलं नाही. सुरुवातीला बोईसरला एकदा सोनोग्राफी झाली, तेवढीच.

पाचवा लागला आणि ओकाऱ्या थांबल्या. बेंबीखाली काळसर रेघ उमटली. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. तारापूरच्या औषध कारखान्यात पॅकिंगला उभी असताना एकदा पोटात काहीतरी सुळकन फिरलं. गोळ्यांची पट्टी खोक्यात टाकून तिने पुढची उचलली. सैल ॲप्रनमुळे तिथेही कोणाला कळलं नव्हतं.

मग पाय सुजले. दिवसभर उभं राहून होत असेल, असं तिने मानलं. पण सकाळी डोळेही सुजलेले असत, बोटातली अंगठी निघेना. उषाबाई मात्र खूश. लग्नात काडीसारखी असलेली सून आता गालांनी भरली होती. "अंग धरलंय पोरीनं," त्या केदारला, आपल्या मुलाला, म्हणाल्या.

पाचवा सरत आला तेव्हा ओटीचा दिवस ठरला. उषाबाईंनी नेहमीच्या मापाचा हिरवा चुडा आणला. तो पंज्यावरून जाईना. साबण लावून भरला. मेघालीने मनगटावर अंगठा दाबून दाखवला. पडलेला खड्डा बुजेना.

"आई, ही सूज हाय. डोकं पण ठणकतंय."

"माझे पण पाय सुजायचे. केदार झाला ना धडधाकट? उद्या आशाकडं जाऊ. आज ओटी होऊ दे."

ओटी झाली. उठताना मेघालीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि समोरचा केदार तिला अर्धाच दिसला. त्याने रिक्षा बोलावली.

पालघरच्या इस्पितळात डॉक्टरबाईंनी रक्तदाब दोनदा मोजला. औषधं देऊनही तो उतरेना. बाळ जिवंत होतं, पण बाहेर जगण्याइतकं वाढलं नव्हतं; पोटात ठेवलं तर आई हाती लागली नसती. याआधी दाब कधी मोजला होता, असं त्यांनी विचारलं. केदारने उषाबाईंकडे पाहिलं. बाळ काढायच्या कागदावर सही मेघालीने केली.

मुलगी होती, वीतभर.

घरी आल्यावर दूध उतरलं. असं होईल हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. उषाबाईंनी छातीला फडकं घट्ट बांधलं, तरी ब्लाउज भिजायचा. शेजारची रुचिता चौकशीला आली, इतके दिवस मेघाली दिसली कशी नाही म्हणून. कावीळ झाली होती, असं उषाबाईंनी दारातूनच सांगितलं.

"कावीळ नाय," मेघाली आतून म्हणाली. "मुलगी होती. पाचव्यात गेली."

उषाबाई दारातून बाजूला झाल्या. रुचिताने चपला काढल्या आणि आत येऊन तिच्याजवळ बसली.