प्रभाकरच्या गाडीतली डावी सीट

प्रभाकर गेल्याचा फोन सकाळी सातला आला. धंतोलीच्या दवाखान्यात तीन दिवस होता म्हणे, मला कोणी कळवलंच नव्हतं. सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता ती गाडी कुठं जाईल? तिच्यातलं सामान कोणी काढून तर नेणार नाही? चाळीस वर्षांचा दोस्त गेला होता आणि मी पुराव्याची काळजी करत होतो...

मी विम्याचा सर्वेअर. अपघात झालेली गाडी पाहायची, खरंच काय मोडलं आणि मोडल्याचं सोंग कुठं आहे ते ठरवायचं. तीस वर्षं हेच केलं. समोरचा माणूस रडत सांगत असला तरी मी त्याच्या बंपरकडे पाहायचो. बायको म्हणते, "तुम्ही मेथीच्या जुडीवर पण शंका घेता." घेतो. जुडीच्या आत काय बांधलेलं असतं ते मी पाहिलंय.

प्रभाकर अगदी उलटा. सावनेरकडच्या कोळसा खाणीत फिटर होता. रिटायर झाल्यावर नागपुरात मानेवाड्याला घर बांधलं आणि एका ठेकेदाराच्या आवारात उन्हात पडलेली पंचवीस वर्षं जुनी जर्मन गाडी उचलून आणली. इंजिन धडधाकट, पण आत नुसती वाताहत. चामड्याच्या सीटा फाटलेल्या, छताचं कापड लोंबतंय, डॅशबोर्डच्या लाकडी पट्टीचे पापुद्रे निघालेले. मी म्हटलं, "काहून आणलं हे धूड?" तर म्हणाला, "खाणीत साहेबाची अशीच होती गा. वीस वर्षं तिचं बोनेट उघडलं, आत बसाले कोणी म्हटलं नाही. आता अशी बनवतो का बसणारा उठलाच नाही पाहिजे."

नवं सामान मिळत नव्हतं आणि मिळालं असतं तरी त्यानं घेतलं नसतं. तो भंगार बाजारात हिंडायचा आणि मोडीत निघालेल्या गाड्यांमधून एकेक वस्तू आणायचा. या गाडीची सीट, त्या गाडीचं दाराचं पॅड. भोकं जुळली नाहीत की लोखंडी पट्टी कापून नवी पाडायची, चामड्याचा रंग जुळला नाही की घरीच रंगवायचं. दर रविवारी मी त्याच्या अंगणात खुर्ची टाकून बसायचो आणि विचारायचो, हे कुठून आणलं? "मिळालं गा," एवढंच उत्तर. हा 'मिळालं' शब्द मला कधीच आवडला नाही. चोरीच्या गाड्या रातोरात सुट्या कशा होतात आणि त्यांचं सामान कुणाला कसं 'मिळतं', हे मला पुरतं ठाऊक होतं.

गेल्या पोळ्याच्या सुमारास तो चहा आणायला आत गेला आणि मी मोबाइलचा टॉर्च लावून ड्रायव्हरच्या सीटखाली वाकलो. चौकटीच्या लोखंडावर एक फुली कोरलेली, फुलीखाली आडवी रेघ. ती खूण माझी होती! आम्ही एखादा भाग बाद ठरवला, की त्यावर खूण करतो, म्हणजे त्याच भागाचे पैसे कोणी पुन्हा मागू शकत नाही. मग दाराच्या पॅडची मागची बाजू पाहिली, हात टेकायचा कप्पा उलटा केला... सगळीकडे माझीच फुली. लोक काय म्हणतील? सर्वेअरनं चांगलं सामान बाद दाखवलं आणि दोस्ताच्या घरी पोचवलं! तीस वर्षांत कोणी माझ्याकडे बोट दाखवलं नव्हतं.

तो कप घेऊन बाहेर आला तसा मी ओरडलो, "माझ्या नावावर धंदा मांडला तू!" त्याला आधी हसू आलं. त्या हसण्यानं माझं डोकं आणखीच फिरलं, तोंडाला येईल ते बोललो, चोर म्हणालो. मग त्याचं हसू गेलं. त्यानं कप बोनेटवर ठेवला. "तपासून घे गा तू," तो म्हणाला. "तपासल्याशिवाय तुले झोप येत नाही." मी चहा न घेताच निघालो. दिवाळीत त्याचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत. दोषी माणूस आधी फोन करतो, असा माझा अनुभव.

तेरवी झाली आणि मी कोणाला न सांगता भंगार बाजारात गेलो. प्रभाकर ज्याच्याकडे नेहमी जायचा, तो म्हातारा दुकानदार शोधून काढला आणि माझी फुली-रेघेची खूण त्याला कागदावर काढून दाखवली. "फिटरसाहब? अजीब आदमी थे," तो म्हणाला. "एक जैसी दो सीट रही तो पलटा के देखते. आपका निशान रहा तो ही उठाते. बोलते थे, ये आदमी भोत शक्की है, इसने कागज देखे बिना हाथ नहीं लगाया होगा. माल चोरी का हो ही नहीं सकता."

यावर मी त्याला काय विचारलं? "हे बोलायला तुला कोणी शिकवलं?" म्हातारा आपल्या कामाला लागला.

आम्ही बाद केलेलं सामान रीतसर लिलावात भंगारवाल्यांकडे जातं, हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. एका बाजूनं फाटल्या म्हणून मीच बाद केलेल्या सीटा त्यानं शिवून घेतल्या होत्या, बस. जगात माझ्या संशयावर कोणाचा एवढा भरवसा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तिथून मी थेट त्याच्या घरी गेलो.

"वहिनी, त्यानं मला सांगितलं काहून नाही?"

सुमनवहिनी म्हणाल्या, "तुम्ही इचारलं कुठं भाऊजी? तुम्ही तर तपासून राहिले होते." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग त्यांनी गाडीची किल्ली आणून दिली. "बसून तर पाहा. एवढे दिवस वाकूनच पाहिली तुम्ही." खरंच, मी त्या गाडीत एकदाही बसलो नव्हतो. ड्रायव्हरच्या शेजारी, डाव्या सीटवर बसलो. मी सहा फूट दोन इंच, कुठल्याही गाडीत माझे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. इथं टेकले नाहीत, पाय सरळ पसरले. लगेच डोक्यात आलं, सीट सरकायची पट्टी अडकली असेल, म्हणून सीट एवढी मागं राहिली. खालचा दांडा ओढून पाहिला. सीट अलगद पुढं आली, काहीच अडकलेलं नव्हतं.

"ही दिवाळीनंतर बसवली त्याईनं," खिडकीशी उभ्या राहून वहिनी म्हणाल्या. "पहिली भोकं पुढं होती, तर चार नवी पाडली, मागं. मी म्हटलं, मागं बसणाऱ्याले जागाच नाही उरली. तर म्हणे, मागं कोण बसते?" त्यांनी पदरानं काचेवरची धूळ पुसली. "आमच्या घरात एवढ्या लांब पायाचं कोणी नाही भाऊजी."

दिवाळीनंतर... म्हणजे मी त्याला चोर म्हटल्यावर, त्याचे फोन न उचलल्यावर. मी सीट पुन्हा मागं सरकवली, त्यानं ठेवली होती तिथपर्यंत, आणि दार ओढून घेतलं. वहिनींसमोर मला रडायचं नव्हतं.