आठ व्हॉल्व्हांचा रेडिओ

जो रेडिओ अजून बाजारात आलेलाच नाही, त्याच्याविषयी आमच्या शेजारच्या काकांइतकं जाणणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नाही. अकोल्याच्या जठारपेठेत आमची घरं भिंतीला भिंत लावून होती. काका कापसाच्या एका जिनिंगच्या कचेरीत कारकून, पण मनानं कायम पुढच्या मोसमातल्या रेडिओत वस्तीला. त्यात व्हॉल्व्ह किती असतील, बँड किती, स्पीकर केवढा, यावर ते ओट्यावर बसून इतक्या गंभीरपणे बोलत, की येणाऱ्या-जाणाऱ्याला घरात कुणी आजारी आहे असं वाटावं. "सहाचा आला तं काय झालं? आठचा येऊन राह्यला. लंडनवाला खोकलला तरी आपल्याले इथं आयकू येईन!" सुट्टी मिळाली की ते एस.टी.नं अमरावती गाठत, तिथल्या रेडिओच्या दुकानात सगळे सेट पाठमोरे करून बघत आणि रिकाम्या हातानं परत येत. छपरावर एरियल मात्र केव्हाच बांधून झालं होतं. त्याच्या बांबूला दोरी बांधून काकू लुगडी वाळत घालत. गल्लीत कुणी रेडिओ घ्यायचं मनात आणलं, की काका त्याच्या दारात हजर. "काहून घाई करता? थांबा नं जरासे." त्यांच्या शब्दाला मान होता, त्यामुळे सगळी गल्ली थांबली. माझ्या सासऱ्यांनी लग्नात रेडिओ देऊ केला होता, त्यांनाही काकांनी थांबवलं. मी घड्याळावर भागवलं.

काकांची धाकटी मुलगी सुमन फार गोड गायची. एके दिवशी नागपूरच्या रेडिओ केंद्रानं तिला गायला बोलावलं. त्या काळी गाणं हवेत जायचं आणि संपायचं, पुन्हा ऐकायची सोय नव्हती. मामाबरोबर निघताना तिनं काकांना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "बाबा, तुमी आयकसान नं?"

"तुह्यासाठी आठचाच आणतो," काका म्हणाले. आणि खरोखरच तो सेट त्याच आठवड्यात अमरावतीच्या दुकानात आला.

गल्लीत रेडिओ कुणाकडेच नसल्यामुळे सगळ्यांनी चौकातल्या चहाच्या हॉटेलातल्या जुन्या रेडिओपाशी जमायचं ठरवलं. काकू म्हणाल्या, "आजच्या दिवस तुमीही चला. तो रेडिओ उद्या लावा." काकांना ते सहन झालं नाही. "त्या डबड्यात माह्या पोरीचा आवाज? फाटून जाईन!"

गाण्याच्या दिवशी दुपारी ते अमरावतीहून तो सेट मांडीवर घेऊन आले. संध्याकाळी काकू डोक्यावरून पदर घेऊन जन्मात पहिल्यांदा हॉटेलची पायरी चढल्या. मी काकांना मदत करायला मागे राहिलो. तारा जोडल्या, स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारा हिरव्या दिव्याचा डोळा लागला, सेट हळूहळू तापला. सिलोन लागलं, काबूल लागलं. कुठल्याशा परक्या भाषेत एक बाई तावातावानं भांडू लागली. जगात काय काय चाललंय ते सगळं त्या खोलीत येत होतं, नुसतं नागपूर येत नव्हतं. काकांच्या कपाळावर घाम आला. "नागपूर कुठी गेलं बाप्पा?" ते पुटपुटत बटण फिरवत राहिले. आणि अचानक, शेजारी बसून कुणी बोलावं इतक्या जवळून, एका पुरुषाचा आवाज आला. "आत्ताच आपण कुमारी सुमन यांचं गायन ऐकलंत."

काकांचा हात बटणावर तसाच राहिला.

"आवाज लय साफ हाये," ते मला म्हणाले.

काकू डोळे पुसत, हसत परत आल्या. काका त्यांना पुन्हा पुन्हा विचारत होते, कोणतं गाणं पहिलं, घाबरली तं नाही, वरच्या सुराले कशी होती. नागपूरहून परतल्यावर सुमननं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सगळ्यांनी आयकलं, बाई." ती समजायचं ते समजली असावी, कारण पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. मोठं एकत्र कुटुंब, त्यात गाणं मागे पडलं. रेडिओवर ती पुन्हा कधी गायली नाही.

त्यानंतर काका येणाऱ्या रेडिओविषयी कधीच बोलले नाहीत. मला मात्र त्यांच्या त्या जुन्या गप्पांची फार आठवण यायची. ट्रान्झिस्टर आले, ओट्यावर पोरं त्यावर वाद घालू लागली, की काका उठून आत जात. संध्याकाळी मात्र ते नागपूर लावून बसायचे. कुणी अनोळखी मुलगी गायला लागली, की गाणं संपेपर्यंत हलायचे नाहीत. मग मला हळूच विचारायचे, "हिच्या बापानं आयकलं असन नं?"

"आयकलं असन, काका," मी दर वेळी म्हणायचो.