टोकापासून मोजलेली काडतुसं

ती घटना मला आजही आठवते, विशेषतः कुणी बारीक मापं घ्यायचं व्हर्निअर कॅलिपर हातात घेतलं की. मी तेव्हा भोपाळमधल्या एका ठाण्याचा टीआय, म्हणजे ठाणेदार होतो. सोमवारी सकाळची हजेरी संपत होती आणि अयोध्या नगरचे एक काका तक्रार अर्ज घेऊन आले. मूळचे नागपूरकडचे, मोठ्या कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेले. अर्जाचा समास त्यांनी पट्टीने आखला होता.

तक्रार साधी नव्हती. त्यांची मुलगी रायफल नेमबाज. येत्या रविवारी राज्य संघाची निवड चाचणी होती. एरवी तिच्या गोळ्यांची भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली जात. शनिवारच्या सरावात ती बशीभर पसरली. रायफल ठीक होती, वाराही नव्हता. म्हणजे काडतुसांत घातपात! ती मुलीच्या नेमबाजी क्लबमध्येच रीतसर परवान्याने भरली जात आणि भरणारे एकच, बावीस वर्षं नोकरीत असलेले उस्ताद.

"साहेब, त्यांना आत टाका," काका म्हणाले. "पस्तीस वर्षं खराब माल पकडलाय मी. नजर चुकत नाही माझी."

उस्तादांना बोलावून जबाब घेतला.

"काडतुसं तुम्हीच भरली?"

"जी."

"मग बिघडली कशी?"

"मुझसे ही हुई होगी ग़लती, साब."

यापुढे एक शब्द नाही. क्लबने त्यांना कामावरून थांबवलं. मी दोन दिवस त्यांना बाकावर बसवून तेच तेच विचारलं. एवढ्या सहज चूक कबूल करणारा माणूस मी नोकरीत पाहिला नव्हता, म्हणून हा गडी चांगलाच मुरलेला आहे असं मी ठरवून टाकलं. काका रोज येऊन "अटक झाली का?" विचारत.

बुधवारी क्लबबाहेरच्या चहावाल्याने खबर दिली. "साब, जुमे को उस्ताद नमाज़ पढ़ने जाते हैं, तब कारतूस वाले कमरे की चाबी वहीं बैठे काका के पास रहती है."

त्याच दुपारी काका, त्यांची मुलगी, उस्ताद आणि पंच यांना घेऊन त्या खोलीत पंचनाम्याला गेलो. पंच उरलेली काडतुसं मोजत होते, पण काकांना काही राहवेना. त्यांनी खिशातून व्हर्निअर काढलं.

"कुठलंही उचला साहेब! टोकापासून बुडापर्यंत केसाचा फरक नाही. शुक्रवारी पाहिलं तर एकाची लांबी दुसऱ्याशी जुळत नव्हती. लांब होती ती एकेक त्या गोळी बसवायच्या प्रेसमध्ये दाबून मीच..."

पंचनामा लिहिणाऱ्या मुंशीची लेखणी थांबली. काका व्हर्निअर खिशात घालायला लागले, पण ते काही केल्या जाईना. याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं, तर आपण चोर आहोत याचा काकांना पत्ताच नव्हता.

मग उस्तादांना बोलावंच लागलं. गोळीचं टोक कधीच एकसारखं नसतं. नळीतल्या आट्यांना आधी भिडतो तो टोकामागचा फुगवटा. म्हणून उस्ताद तिथून माप धरत आणि प्रत्येक गोळी काडतुसात सारखी खोल बसवत. काकांनी टोकं एका रांगेत आणली आणि फुगवटे मागे-पुढे झाले. कुठली गोळी जास्त आत, कुठली कमी. साहजिकच प्रत्येक गोळी आपापल्या वाटेने गेली.

"बाबा, तुम्ही?" मुलगी पुढे आली. "आणि उस्तादांना ठाण्यात बसवलंत?"

मी उस्तादांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहले दिन से. नोक पर दबने के निशान थे. मगर साब, बाप थाने में बैठेगा, तो बच्ची निशाना क्या लगाएगी?"

काकांनी अर्ज मागून घेतला. कारखान्यात ज्या लाल पेन्सिलीने ते खराब माल नाकारत, तिनेच अर्जावर आडवं 'रद्द' लिहिलं, खाली सही केली आणि उस्तादांपुढे हात जोडले.

मला माझीच लाज वाटली. कमी बोलतो म्हणजे काहीतरी लपवतो, हे माझं माप. उस्ताद लपवत होतेच, पण दुसऱ्याची चूक. त्यानंतर गप्प माणसाला बाकावर बसवण्याआधी मी तक्रारदाराला दोन प्रश्न जास्त विचारू लागलो.

उस्ताद कामावर परतले. त्यांनी काडतुसं नव्याने भरली आणि रविवारी मुलीची निवड झाली. काकांना त्यांनी पुन्हा त्या खोलीत बसू दिलं. अट एकच होती. चपलांबरोबर व्हर्निअरही दाराबाहेर काढून ठेवायचं.