डाव्या बाजूचा आवाज

आमची पिकअप चौदा वर्षांची आहे आणि ती माझे धाकटे दीर चालवतात. डोंबिवलीत आमचा केटरिंगचा धंदा. पातेली, शेगड्या, जेवण हॉलवर पोचवायचं काम त्या गाडीचं. मी शेजारी बसते.

शीळफाट्याच्या रस्त्याला गाडीत घुंई घुंई आवाज यायला लागला, तेव्हा मी तो भांड्यांवर ढकलला. आमच्याकडे गाडीतला कुठलाही आवाज भांड्यांचाच असतो. पातेल्यांत गोणपाट कोंबले, झाकणं सुतळीने बांधली. महिना गेला. मग एकदा भांडी हॉलवर ठेवून रिकामे परतलो, तरी आवाज होताच. वेग वाढला की वाढायचा. गाडी उजवीकडे वळली की माझ्या पायाखाली गुरगुरायचा, डावीकडे वळली की दबायचा.

"भाऊजी, चाकातून येतोय."

"भांडी असतील, वहिनी."

"भांडी हॉलवर आहेत."

"मग तुमच्या डोक्यात असेल," म्हणाले आणि हसले.

दुसऱ्या दिवशी मी गाडी विठ्ठलवाडीच्या मेकॅनिककडे न्यायला लावली. त्याने पुढचं डावं चाक जॅकवर उचललं, वरून-खालून धरून हलवलं. ते खडखडलं, तसं हलायला नको. मग एक हात स्प्रिंगवर ठेवून चाक फिरवलं. "हात लावा, काकी." आत वाळू भरडल्यासारखं लागलं.

"बेअरिंग गेलंय. अजून थोडे दिवस, मग चाक तुमच्या पुढे पळालं असतं." तो दिरांकडे वळला. "काका, गाडीत विमान उडतंय नि तुम्हाला पत्ता नाय?"

या वेळी ते हसले नाहीत.

डावीकडून घुसणाऱ्या रिक्षांना हल्ली ते फार दचकायचे. मी बोललेलं दोनदा विचारायचे. मुद्दाम करतात, असं मी घरात सांगत होते.

नवं बेअरिंग बसलं. परतताना गाडी अगदी शांत. पत्रीपुलाजवळ त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "गेला का आवाज?"

"तुम्ही सांगा."

त्यांनी पूल ओलांडला. मग म्हणाले, "डाव्या कानाने ऐकू येत नाही, वहिनी. दिवाळीपासून. घरी नका सांगू."

"गाडी बाजूला घ्या."

त्यांनी घेतली. त्यांच्यासमोरच मी दुसऱ्या दिवसाच्या ऑर्डरसाठी ओळखीच्या ड्रायव्हरला फोन लावला, मग कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. "मला विचारलंत तरी का?" असं म्हणून ते खाली उतरले आणि गाडीकडे पाठ करून उभे राहिले. वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस. समजूत घालणं मला जमत नाही, मी घातली नाही.

पण मला गाडी येत नाही. ती घरी त्यांनाच न्यावी लागली. डावीकडे काय आहे ते मी मोठ्याने सांगत राहिले: रिक्षा, बाईक, थांबा, आता चला. ते निमूट ऐकत होते.