शालूचं उपडं मडकं

शालू गेली, हे तिच्या मुलीनं, प्रज्ञानं, जर्मनीहून फोन करून सांगितलं तेव्हा मी नागपुरात, सदर भागातल्या बँकेच्या रांगेत उभी होते. काम उरकलं, घरी आले, कोणाकोणाला कळवायचं ते लिहून काढलं, सगळ्यांना फोन केले आणि मगच खाली बसले… पुढे कामठीला तिच्या भावाकडे शोकसभा झाली. तिथे दोघातिघांनी एकच सूर लावला, की बिचारी परक्या देशात घरच्या घासाला तरसत गेली. मी तिथेच उठून सांगितलं आणि इथेही लिहून ठेवते, हे साफ खोटं आहे.

आमची ओळख जर्मनीतलीच. नवऱ्यांच्या नोकऱ्यांमुळे आम्ही एकाच इमारतीत राहायला आलो. मी नागपूरच्या महाल भागातली, ती जवळच्याच कामठीची. नागपुरात आमची गाठ पडायचं काही कारणच नव्हतं. मी याद्या करणारी बाई. मसाला, सांडगे, कुरड्या, जवसाची चटणी, सगळं मोजून-बांधून नेलेलं. माझी यादी वाचून शालू म्हणाली, "अन् मडकं वं?"

तिला लांब पोळी हवी होती. तव्यावरची नव्हे, सैल कणीक हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायची आणि निखाऱ्यांवर उपड्या ठेवलेल्या मडक्यावर टाकायची, ती. पहिला प्रयोग आम्ही बागेच्या दुकानातून आणलेल्या मातीच्या कुंडीवर केला. कुंडी उपडी केली की बुडाचं भोक वर येतं, हे आम्हा दोघी शहाण्यांच्या लक्षात आलं नाही. पोळीचा मधला भाग भोकातून सरळ निखाऱ्यात. त्या दिवशी भातावर भागवलं. पुढच्या खेपेला नागपूरहून तिनं खरं मडकं साडीत गुंडाळून, मांडीवर धरून आणलं. विमानतळावरच्या माणसानं आत अस्थी आहेत का, असं दबकत विचारलं. "रिकामं हाये गा," ती म्हणाली, "जेवाले लागते."

इमारतीच्या अंगणात सगळ्यांसाठी कोळशाची एक शेगडी होती. उन्हाळ्यात लोक तिच्यावर मांस भाजत. शालूनं तिच्यावर मडकं उपडं घातलं आणि लगेच तक्रार आली : धूर होतो, वास येतो, बंद करा. तिचा नवरा म्हणाला, जाऊ दे, ब्रेड खाऊ. मी म्हटलं, चार पोळ्या शेजाऱ्यांना वाटू, म्हणजे ते विरघळतील. ती माझ्याकडे पाहतच राहिली.

"त्यायचा धूर चालते, माह्या पोळीचा काहून नाही चालत? अन् हक्काच्या जागेसाठी लाच काहून देऊ?"

हाच प्रश्न तिनं रहिवाशांच्या बैठकीत, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, उभं राहून विचारला. नियमात शेगडी सगळ्यांची एवढंच लिहिलेलं होतं. तिच्यावर काय भाजावं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. तक्रार तिथेच बारगळली. म्हणून कोणी तिच्याशी गोड बोलायला लागलं नाही. तिला त्याची गरज नव्हती. त्यानंतर मी नागपूरला परत येईपर्यंत आम्ही लांब पोळी खाल्ली, पाटवडीच्या रश्शात बुडवून, अंगणात बसून, सगळ्यांच्या देखत… याला तरसणं म्हणतात?

गेल्या रविवारी प्रज्ञाचा व्हिडिओ कॉल आला. नातेवाईक म्हणताहेत, तू कुठे स्वयंपाक करतेस, मडकं कोणाला तरी देऊन टाक. शेजाऱ्यांनीही सभ्यपणे विचारलं, आता शेगडी मोकळी होईल ना? हे ती अंगणात उभी राहूनच सांगत होती, हात कोपरापर्यंत कणकेनं भरलेले. तिला विचारायचं होतं ते एवढंच, की कणीक किती सैल ठेवायची. माझ्याकडे दरेक पदार्थाचं माप लिहिलेलं असतं, याचं नाही. मनगटावरून आपोआप खाली उतरायला लागली की टाक, इतकंच मला सांगता आलं.

पहिली फाटली. दुसरी मडक्यावरून घसरून कोळशात गेली.

"मावशी, सगळे खिडक्यांतून पाहून राहिले," ती हळूच म्हणाली. तिथे जन्मलेली पोर, पण बोली आईची.

"पाहू दे. कणीक आहे ना अजून?"

"लय हाये."

तिनं हाताला पाणी लावलं आणि तिसरा गोळा उचलला.