फोटोत फक्त माझं कोपर

आज कणकेत हिंग सांडला आणि आमच्या जुन्या घराजवळचं वेलचेरीचं तळं आठवून डोकंच फिरलं. काही वर्षांपूर्वी शेजारचे मामा मला तिथे गळ टाकायला शिकवत होते. "डेय, अरे गप बस! सावली पाण्यावर पाडू नको! दोरीवरचं बूच बुडाल्याशिवाय ओढू नको!" गप बस म्हणत स्वतःच तासभर बडबडले. गळाला लावायला हिंग घालून कणकेच्या गोळ्या मी वळल्या, डास मला चावले. शेवटी बूच बुडालं, मी ओढलं, आयुष्यातला पहिला रोहू! तेवढ्यात मामांनी काठी हिसकावली आणि काठावर बसलेल्या मामींना ओरडून सांगितलं, "फोटो काढ!" बिल्डिंगच्या ग्रुपवर मामा, मासा आणि कडेला माझं कोपर! आता मी त्यांची नक्कल केली की मामाही पोट धरून हसतात आणि वर सगळ्यांना सांगतात, "हाच तो, माझा मासा बघायला आलेला!"